पीळ जात नाही

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. हट्टी माणसाला उद्देशून ही म्हण आपण इतक्या सवयीने वापरतो की तिच्या पोटात एक बारीक निरीक्षण आहे, हे लक्षातच येत नाही. काथ्याचा किंवा अंबाडीचा दोर पेटला आणि न हलवता विझू दिला, तर मागे उरलेल्या काळ्या अवशेषात त्याचे वेढे जसेच्या तसे दिसतात. बोट लावलं की तो ढासळतो, पण ढासळेपर्यंत दोराचा आकार सोडत नाही. पेशींच्या भिंती जळताना त्यांतलं पाणी आणि वायू निघून जातात, कार्बन मागे राहतो, आणि तो भिंतींच्या मूळ मांडणीतच राहतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून उत्खनन केलं, तेव्हा तिथल्या ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांचं धान्य हाती लागलं ते याच गुणामुळे. तीन हजार वर्षांपूर्वी कोळसा झालेला दाणा सातूचा आहे हे ओळखता आलं, इतकी त्याची ठेवण शाबूत होती. म्हण रचणाऱ्याला पेशी ठाऊक नव्हती, पण दोर ठाऊक होता. लाकूड, वेत, बांबू, गवत, सुकलेली फळं यांपासून कला घडवणारे लोक ‘या वस्तूंना आठवण असते’ असं म्हणतात, तेव्हा ऐकणाऱ्याला ते गोड बोलणं वाटतं. मला ते शब्दशः खरं वाटतं. वनस्पती जगताना जे तिच्यावर गुजरतं ते तिच्या देहात साठतं, मेल्यावरही तिथेच राहतं, आणि ज्याला आपण कारागिरी म्हणतो तिचा मोठा भाग म्हणजे या साठ्याची आगाऊ ओळख.

ही आठवण नेमकी कुठे असते? वनस्पतीच्या पेशीची भिंत तीन गोष्टींची बनते. सेल्युलोजचे लांब, ताठ तंतू, त्यांना वेढणारं आणि पाणी सहज शोषणारं हेमिसेल्युलोज, आणि या दोहोंना धरून ठेवणारं लिग्निन. सळ्या, कालवलेला माल आणि सिमेंट असं काहीसं हे बांधकाम आहे. फरक इतकाच, की इमारत आधी बांधून मग वापरली जाते आणि झाड वापरात असतानाच बांधलं जातं. उतारावर कललेलं सागाचं किंवा आंब्याचं झाड स्वतःला सरळ ओढू पाहतं, त्यासाठी खोडाच्या वरच्या बाजूला वेगळ्या प्रकारचं, ताणलेलं लाकूड घालतं. झाड तोडून फळी काढली की तो ताण मोकळा होतो आणि फळी करवतीखालीच वाकू लागते. सुताराला त्या डोंगराचा उतार पाहायची गरज पडत नाही, फळी तो सांगते. वाळतानाही लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या कडेने ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसतं, आणि लांबीत तर जवळजवळ नाहीच. फळी कोणत्या कोनातून कापली, यावर ती पुढे सपाट राहील की पन्हाळीसारखी होईल हे ठरतं. म्हणून जुने सुतार लाकूड ‘मुरू’ देत असत. लोणचं मुरतं तसं लाकूडही मुरतं, कारण दोन्हीकडे घाई केली तर आतलं आणि बाहेरचं एकमेकांशी जुळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की याला आठवण कशाला म्हणायचं, हा तर केवळ परिणाम झाला. दगडावर घाव पडला की खूण राहते, म्हणून दगडाला आठवण आहे असं कोणी म्हणत नाही. आक्षेप रास्त आहे. पण वनस्पतीच्या साहित्यात खुणेच्या पलीकडचं काही आहे. बुरूड ओल्या कामट्या वळवून टोपली विणतो. ओल आणि उष्णता मिळाली की पेशींना बांधणारं लिग्निन आणि हेमिसेल्युलोज मऊ पडतात, कामटी वाकते, आणि त्याच अवस्थेत वाळू दिली तर तो वाक धरून ठेवते. पण हा वाक कायमचा नसतो. तीच कामटी पुन्हा चांगली भिजली, तापली, तर ती जुन्या सरळपणाकडे परत जाऊ लागते. दाबून पातळ केलेलं लाकूड उकळत्या पाण्यात टाकलं तर ते फुगून बरंचसं पूर्वीच्या जाडीला येतं. म्हणजे नवा आकार जुन्यावर चढतो, जुना पुसला जात नाही. दुसरं उदाहरण याहून सूक्ष्म आहे. एकाच झाडाचे दोन सारखे तुकडे घ्या, एक चिंब भिजवून वाळत ठेवा, दुसरा खडखडीत वाळवून ओल घेऊ द्या, आणि दोन्ही एकाच खोलीत, एकाच हवेत कितीही दिवस राहू द्या. ओलीकडून आलेल्या तुकड्यात टक्का-दोन टक्के पाणी जास्तच राहतं. हवा तीच, लाकूड तेच, फक्त दोघांची वाट वेगळी. आजची अवस्था केवळ आजच्या परिस्थितीवर न ठरता कुठून आलो यावरही ठरते, याला आठवणीखेरीज दुसरा चपखल शब्द मला मराठीत सापडत नाही. त्यात जाणीव नाही हे उघड आहे. आणि जाणीव आहे असा दावा करण्याची गरजही नाही.

हे सगळं एका वस्तूत एकत्र पाहायचं असेल तर मिरजेचा तानपुरा पाहावा. मिरजेत तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सुरू झाली. शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब या कामाकडे वळले, पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला, आणि सतारमेकर हेच आडनाव होऊन बसलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुऱ्याची दांडी आणि वरची तबली तुणीच्या लाकडाची असते, खालचा गोल तुंबा मात्र सुकलेल्या कडू भोपळ्याचा. हे भोपळे मिरजेत पिकत नाहीत. ते येतात सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या काठच्या शेतांतून. दिंडीतल्या वीणेकऱ्याच्या खांद्यावरची वीणाही अशाच भोपळ्यावर उभी असते, तेव्हा पंढरीची वाट जिथे पोचते तिथूनच भोपळ्याची वाट निघते, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. पुरुषी आवाजाच्या तानपुऱ्यासाठी घेराने चार फुटांहून मोठा भोपळा लागतो. तो वेलावरच पुरता पिकावा लागतो, नंतर महिनोन्‌महिने वाळावा लागतो. आतला गर आटतो, बिया खुळखुळू लागतात, आणि बाहेर लिग्निनने कडक झालेली साल तेवढी उरते. त्याचा कडूपणा चवीपुरता नसतो. ज्या रसायनांमुळे तो कडू होतो ती या वर्गातल्या वेलींची किड्या-जनावरांपासून बचावाची तजवीज असते.

कारखान्यात आलेला भोपळा तयार वाटी म्हणून वापरता येत नाही. तो कापून आतला वाळका गर खरवडतात, पाण्यात भिजवतात, साल मऊ झाली की काठ्यांचा आधार देऊन तोंड हवं तितकं रुंद करतात, आणि त्याच ताणात पुन्हा वाळू देतात. बुरुडाच्या कामटीचंच हे तत्त्व आहे. पण कारागिराला हेही माहीत असतं की भोपळ्याला त्याच्या मूळच्या आकारापासून किती दूर नेता येईल याला मर्यादा आहे. जास्त ओढलं तर तडकतो, आणि न तडकताही पुढच्या पावसाळ्यात दमट हवेने मूळच्या वळणाकडे कलू लागतो, मग तबलीचा सांधा बोलू लागतो. म्हणून तो आधी भोपळा निवडतो आणि मग वाद्य ठरवतो. आपल्याला वाटतं की कलाकार आकार देतो. इथे आकाराचा मोठा भाग आधीच दिलेला असतो, आणि कौशल्य असतं ते दिलेल्याला किती वळवावं आणि कुठे थांबावं यात. शेवटी लाखेचं पॉलिश चढतं. लाख म्हणजे पळस-कुसुमासारख्या झाडांचा रस पिऊन किड्याने तयार केलेलं राळेसारखं द्रव्य. ती हवेतल्या ओलीला उशीर लावते, अडवत नाही. वाद्य अखेरपर्यंत हवेशी देवाणघेवाण करत राहतं, आणि गवई बैठकीआधी तारा जुळवतो तेव्हा त्या जुळवणीत त्या दिवसाच्या हवेचाही वाटा असतो.

मग या तानपुऱ्याचा पहिला कारागीर कोण? माझ्या मते शेतकरी. जमिनीवर आडवा पडलेला भोपळा खालच्या अंगाने चपटा होतो, मांडवावरून लोंबणारा लांब होतो, आणि वाढीच्या दिवसांत नीट टेकवून, सरळ बसवून वाढवलेला भोपळा तळाशी गोल आणि सर्व बाजूंनी सारखा येतो. हिरव्या, कोवळ्या दिवसांत फळ कसं बसलं होतं, ते शंभर वर्षांनी मैफिलीत गवयाच्या मांडीशेजारी दिसतं. ही जाण केवळ आपल्याकडचीच नाही. चीनमध्ये चिंग राजवटीत, विशेषतः सम्राट कांगशीच्या काळात (१६६१–१७२२), राजवाड्याच्या बागेत कोवळे भोपळे नक्षी कोरलेल्या साच्यांत बसवून वाढवत. फळ वाढताना साच्याला भिडे, नक्षी सालीवर उमटे, आणि वाळल्यावर साचा काढला की कलावस्तू तयार असे. त्यात छिन्नीचा एकही घाव नसे, सगळी कोरणी वेलाने केलेली असे. आपल्या कारागिरीच्या इतिहासात राजे आहेत, आश्रयदाते आहेत, अधूनमधून कारागिराचं नावही आहे. ज्याच्या वावरात तुंबा जन्माला आला त्याचं नाव मात्र कुठेच नाही. ही उणीव मला खरोखर खटकते, कारण वाद्याचा आकार ठरवणारे निम्मे निर्णय त्याने घेतलेले असतात.

आता दुसरा आक्षेप, आणि तो जास्त गंभीर आहे. आठवण मान्य केली तरी तिने आवाज चांगला होतो, हे कुठे सिद्ध झालं? इथे भावनेच्या भरात वाहून जाण्याचा धोका फार मोठा आहे. क्रेमोनाच्या स्त्रादिवारीची व्हायोलिनं याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्यातल्या ‘मसाया’ नावाच्या, ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात असलेल्या व्हायोलिनच्या खरेपणाबद्दल वाद झाला, तेव्हा त्याच्या स्प्रूस लाकडाची वर्तुळं मोजली गेली. ती १५७७ ते १६८७ या वर्षांची निघाली, म्हणजे वाद्यावरच्या १७१६ या सालाशी सुसंगत. लाकडाने आपलं वय स्वतः सांगितलं, इथवर ठीक. पुढे काहींनी असं मांडलं की त्या काळात युरोपात थंडी कडक होती, झाडं सावकाश वाढली, वर्तुळं दाट पडली, म्हणून सूर असा लागतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रादिवारीच्या वाद्यांच्या मॅपल लाकडातलं सुमारे एक तृतीयांश हेमिसेल्युलोज काळाच्या ओघात विघटित झाल्याचं दिसलं, म्हणजे ते लाकूड आता ओल कमी घेतं. हे सगळं खरं असूनही, २०१० मध्ये इंडियानापोलिसला एकवीस वादकांना डोळ्यांवर गडद चष्मे चढवून तीन जुनी आणि तीन नवी व्हायोलिनं वाजवायला दिली, तेव्हा त्यांना जुनं-नवं नीट ओळखता आलं नाही, आणि नव्यांनाच अधिक पसंती मिळाली. जुन्या लाकडात सूर साठतो, हे विधान या पुराव्यापुढे टिकत नाही, आणि ते सोडून द्यावं हे बरं.

तानपुऱ्याबाबतही हाच प्रामाणिकपणा हवा. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलं, तेव्हा तानपुऱ्याच्या श्रीमंत, झणझणत्या नादाचं श्रेय घोडीच्या रुंद, किंचित वळणदार पृष्ठाला आणि तारेखाली सरकवलेल्या धाग्याला दिलं. तार जिथे छेडली तिथे स्थिर राहणारे स्वरांश ऐकू येऊ नयेत असा नियम होता, तानपुऱ्यात ते ऐकू येतात, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे नादाचं रहस्य घोडी आणि धागा मिळून साधणाऱ्या या जुळणीत, जवारीत आहे, भोपळ्यात नाही. मला हे मान्य आहे. भोपळा आणि तबली त्या नादाला हवेत सोडतात, तो निर्माण करत नाहीत. पण सोडणंही कमी महत्त्वाचं नाही. वनस्पतीच्या पेशी पोकळ नळ्या असतात, त्यामुळे लाकूड हलकं असूनही ताठ राहतं. चांगल्या स्प्रूसमध्ये तंतूंच्या दिशेने ध्वनी सेकंदाला सुमारे पाच हजार मीटर धावतो, पोलादाइतकाच, आणि आडव्या दिशेने त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाने. हा दिशाभेद झाडाने उभं राहण्यासाठी कमावलेला असतो, वाद्यकार तो वापरून घेतो. आणि जवारीचा तो धागा, ज्याला वाजवणारे ‘जीवा’ म्हणतात, तो सुताचा असतो. तारेच्या दाबाने तो हळूहळू चपटा होतो, जागा बदलावी लागते, कधी नवा घालावा लागतो. कापसाच्या एका धाग्याची आठवण इतकी नाजूक की केसभर सरकवला तर सगळा तानपुरा बदलतो.

मग फायबरग्लासचा तुंबा का नको? तो तडकत नाही, पावसाळ्यात फुगत नाही, विमानातून नेताना फुटायची धास्ती नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तर इलेक्ट्रॉनिक तानपुराही मिळू लागला आणि आता तो फोनमध्येही बसतो. रियाजासाठी, प्रवासासाठी, ज्या विद्यार्थ्याला मिरजेचं वाद्य परवडत नाही त्याच्यासाठी या गोष्टी मोलाच्या आहेत, आणि त्यांना नाक मुरडणं मला अन्यायाचं वाटतं. माझा मुद्दा वेगळा आहे. साच्यात ओतलेल्या वस्तूला मागचं काही आठवत नाही, म्हणून तिच्याबरोबर काम करणाऱ्याला तिच्याविषयी काही शिकावं लागत नाही. साचा एकदा बनवला की ज्ञान त्यात बंद होतं. भोपळ्याच्या बाबतीत ते प्रत्येक भोपळ्यागणिक पुन्हा कमवावं लागतं: नखाने वाजवून सालीची जाडी ओळखणं, देठाकडचा भाग पाहून वाढ सारखी झाली का हे ताडणं, कोणता डाग वरवरचा आणि कोणता आत गेलेला हे हाताने समजणं. साहित्याची आठवण आणि माणसाच्या हाताची आठवण या दोन्ही एकमेकींच्या आधाराने टिकतात. पहिली काढून घेतली तर दुसरी एका पिढीत संपते, आणि मग हवी असली तरी परत आणता येत नाही.

वनस्पतीची वस्तू नाशवंत, ती कशाला जपायची, असंही म्हटलं जातं. नाश होतो हे खरं, पण तो अटळ वेगाने होतो हे खरं नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला बसवलेल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही तिथेच आहेत. भाज्याच्या लेण्यात तर त्याहून जुन्या लाकडी फासळ्यांवर ब्राह्मी अक्षरं सापडली. वेरूळच्या लेण्यांत भित्तिचित्रांखालच्या चुना-मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आहेत, हे राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भुसा आहे, गवत आहे, बी-बियाणं आहे, पण भांग नाही, आणि तिथे किडीने बरंच नुकसान केलं. वेरूळला ते तितकं झालं नाही. संशोधकांचा तर्क असा की भांगेमुळे कीड दूर राहिली. गवंड्यांनी कोणत्या झाडावर कीड बसत नाही हे शेतात पाहिलं असेल आणि ती गोष्ट भिंतीत कालवली असेल. रोपाने जगताना मिळवलेला बचाव चित्रालाही लाभला, कडू भोपळ्याचा कडूपणा तुंब्याच्या कामी येतो तसाच.

आज मिरजेपुढचा प्रश्न लाकडाइतकाच शेताचाही आहे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, सोलापूर जिल्ह्यात पाणी फिरलं, आणि उसाने शेतं व्यापली. ज्याला बाजार ठरलेला आहे असं पीक सोडून, महिनोन्‌महिने जागा अडवणारा आणि खाताही न येणारा भोपळा लावायला शेतकऱ्याने का तयार व्हावं, याचं उत्तर मानांकनाच्या कागदात नाही. त्यात वाद्य मिरजेचं असल्याची नोंद आहे. भोपळा कोणत्या बियांचा, हे त्यावरून ठरत नाही. आणि बियांची गोष्ट नाजूक आहे. कडू भोपळा आणि भाजीचा दुध्या दिसायला वेगळे असले तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे. दोघांची फुलं पांढरी, संध्याकाळी उमलणारी, रात्रीच्या पतंगांना बोलावणारी. भोपळ्याची शेतं विरळ झाली आणि शेजारच्या वावरात दुध्याचा मांडव असला, की परागकणांची सरमिसळ होते. फळ त्या वर्षी जसं यायचं तसंच येतं, गोल, जाड, वाद्याजोगं. त्याच्या पोटातल्या बियांपासून पुढच्या हंगामात काय धरेल, तुंबा की भाजीपुरता दुध्या, हे त्या एका रात्री पतंग कोणत्या शेतातून उडत आला होता यावर अवलंबून राहतं.